चाळिसावी खेप

“अगं, पोचलो की नाही मी बेसवर?”

“पोचलात.”

“बॅट लागली की नाही चेंडूला?”

“लागली.”

“मग हिट लिहायला तुझं काय जातं?”

मैदानावरून घरी येईपर्यंत मेकॅनिकने हेच इतक्यांदा विचारलं होतं की बायकोचं डोकं पिकलं. डेपोच्या बेसबॉल सामन्यांची गुणलेखक होण्याची दुर्बुद्धी आपल्याला कुठून सुचली, असं तिला झालं. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांकडून अक्षरं वाचून घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याची ही कटकट!

“शेवटचं सांगते. सोपा चेंडू समोरच्याच्या हातून सुटला, तर ती त्याची चूक. तुमची हिट नाही. फलंदाजीची खेप मात्र मोजतात. चाळीस खेपा, नऊ हिट. करा भागाकार.”

“आणि दहा धरल्या तर?”

“तर चारात एक. तेवढं मलाही कळतं हो!”

मोसमात चारात एक अशी सरासरी गाठणाऱ्याचं नाव क्लबच्या भिंतीवर रंगवत. इतकी वर्षं खेळून त्याचं नाव तिथे कधी लागलं नव्हतं, आणि गुडघ्यांनी आता हात टेकले होते. हा मोसम शेवटचाच, आणि आजचा त्यातला शेवटचा सामना.

दार वाजलं. धाकटा दीर आला होता. तो छापखान्याच्या संघातला, आणि तो चेंडू सुटला होता त्याच्याच हातून.

“वहिनी, चेंडू वेडावाकडा उसळला हो. हिटच लिहा.”

“भाऊजी, चेंडू तुमच्या हातमोज्यात नीट बसला होता. मग तुम्ही मोजा उघडलात. बघितलंय मी.”

दीर खाली बघू लागला. अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर एकही चूक नव्हती आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता.

“मुद्दाम सोडलास?” मेकॅनिकने विचारलं.

“तुझं ते लंगडत पळणं बघवेना, दादा. म्हटलं, हिट धरतील, कुणाला कळणार? वहिनी इतक्या हट्टी असतील असं वाटलं नव्हतं.”

तिला दोघांचाही संताप आला आणि रडूही आलं. एकाला भिंतीवर नाव हवं, दुसरा ते परस्पर वाटत सुटलाय, आणि वाईट कोण, तर ती!

“नऊच लिही,” मेकॅनिक म्हणाला. “पण याची चूक तेवढी नको गं लिहूस.”

“मग चेंडू गेला कुठे म्हणू? हवेत विरघळला?”



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोसमाचा तक्ता क्लबच्या दारावर लावला. डेपोला निघालेला मेकॅनिक तिथे थांबला. स्वतःची सरासरी त्याने वाचलीसुद्धा नाही. खाली छापखान्याच्या संघात धाकट्याच्या नावापुढे ‘चूक : एक’ असं तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. त्यावर त्याने बोट ठेवलं.

“अहो, उशीर होतोय,” ती म्हणाली.

तो हलला नाही. तक्ता बघायला येईल त्याला सांगत राहिला, “हा माझा भाऊ.”