डंडॉकच्या घरातली अर्धी भिंत

मित्रांनो, मी एक अर्धी भिंत आहे. हसू नका. एके काळी मी छतापर्यंत होते. आयर्लंडमधल्या डंडॉक गावातल्या एका घरात, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध मी उभी होते. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं कशी वागतात ते बघून मला आयुष्यभर धक्क्यांवर धक्के बसले आहेत.

पहिला धक्का कीली बाईंनी दिला. घर त्यांनीच बांधलं. बैठकीच्या खोलीत त्यांनी झकास गालिचा अंथरला, काचेची भांडी मांडली आणि दार लावून टाकलं. ती खोली चर्चचे फादर आले तर उघडायची, नाहीतर घरात कुणी वारलं तर. पोरं बिचारी स्वयंपाकघरात दाटीवाटीने वाढली. घरातली सगळ्यात चांगली खोली आणि ती घरच्यांसाठी नाहीच! मला हे कधी पचलं नाही. पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं.

कीली बाई गेल्यावर २०१५ साली जयदीप आणि नेत्रा हे पुण्याचं जोडपं इथे राहायला आलं. दोघंही दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी. त्यांनी बैठकीची खोली उघडली, जेवणाचं टेबल तिथे मांडलं, सोफ्यावर पाय पसरले आणि माझ्या छातीवर भलामोठा टीव्ही टांगला. मी खूश झाले. पण तो आनंद फार टिकला नाही. त्या टीव्हीवर ती दोघं रोज अमेरिकेतल्या घरांचे कार्यक्रम बघत आणि त्यातली माणसं हसत हसत हातोड्याने भिंती पाडत. भिंत कोसळली की घरमालकीण तोंडावर हात ठेवून आनंदाने रडायची. माझ्याच अंगावर टांगून माझ्याच भावंडांचा वध! असा निर्दयपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

जयदीप पूर्वी अमेरिकेत, ओहायोत नोकरीला होता. तिथली घरं कशी मोकळी असतात ते तो नेत्राला रंगवून सांगे. चूल, टेबल, सोफा सगळं एकाच खोलीत. पाहुणा थेट ओट्याशी उभा राहून गप्पा मारतो, स्वतःच फ्रीज उघडतो. खरकटी भांडी सगळ्यांना दिसतात आणि कुणाला लाज वाटत नाही. ऐकून मला ओल सुटायची बाकी राहिली. या लोकांना झाकायला काहीच नसतं का? मग एकदा तोच म्हणाला की त्या घरांना मोठाली गॅरेज असतात आणि नको ते सगळं तिथे कोंबलेलं असतं. म्हणजे काय झाकायचं आणि कुठे झाकायचं, एवढाच काय तो फरक.

मग २०१७च्या उन्हाळ्यात जयदीपची आई, शोभनाताई, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रोज संध्याकाळी दोघं टेबलाशी बसत आणि त्या माझ्या आडून गरम पोळ्या आणून वाढत. तूही बस, असं जयदीप म्हणे. माझं आत चाललंय, असं त्या म्हणत.

ते खोटं होतं. मला दोन्ही बाजू दिसत होत्या ना! सगळ्यांचं उरकल्यावर त्या ओट्याशी उभ्याने जेवत. पहिली बिघडलेली पोळी, डब्यातली कालची भाजी, आणि ताट म्हणून पातेल्यावरची झाकणी. कपाटात ताटांची चळत होती. फ्रीज ओसंडून वाहत होता. पण सासरच्या मोठ्या खटल्यात राबताना मागे उरेल ते खायची सवय लागली होती, ती काही सुटली नव्हती. आणि ती मुलाला दिसू नये, एवढ्यासाठी त्यांना मी हवी होते.

म्हणून जयदीपने मला पाडायचं ठरवलं तेव्हा त्या एकट्याच माझ्या बाजूने भांडल्या. फोडणीचा वास सोफ्याला लागेल म्हणाल्या. स्वयंपाकघराला आडोसा हवा, झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाल्या. जयदीपला वाटलं, आईचे जुने विचार.

डेक्लन नावाचा गवंडी आला. नारळ वाजवून बघावा तसं त्याने मला वाजवून बघितलं. माझ्या खालच्या भागातून रेडिएटरचा पाइप जात होता, म्हणून कंबरेपर्यंत मला ठेवायचं ठरलं. “इट विल बी ग्रँड,” असं म्हणून त्याने हातोडा उचलला. पुढचं मी सांगत नाही.

त्याच संध्याकाळी सगळी जेवायला बसली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि ते थेट ओट्यापर्यंत पोचलं होतं. शोभनाताईंनी पोळ्या वाढल्या, सवयीने आत वळल्या, पाठ फिरवून झाकणी हातात घेतली. पाठ फिरवली की दिसत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

जयदीपचा घास हातातच राहिला.

“आई, ताट कुठाय तुझं?”

“एक ताट कमी घासायचं, एवढंच.”

“रोज असंच?”

त्यांनी झाकणी पदराआड केली. नेत्रा पांढरीफटक पडली. तिच्या ताटात तिसरी पोळी वाफाळत होती. जयदीपच्या पायाखालची जमीन सरकली, आणि खरं सांगते, माझ्याही. लहानपणापासून इतकी वर्षं एका घरात राहून मुलाला आईचं जेवण दिसू नये? सांगलीच्या भिंती काय आणि मी काय, आम्ही नुसत्या विटाच. पण तो तर माणूस होता.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि रागाने, जेव, म्हणाला. धाकाने कुणाच्या घशाखाली घास उतरतो का? त्यांनी उपास सांगितला. त्याच्या पुढच्या दिवशीही उपास. मग म्हणाल्या, “जयू, माझं तिकीट अलीकडचं कर. मला इथे उघड्यावर बसल्यासारखं वाटतं.”

तिकीट बदललं असतं तर आई परत आली नसती, हे मलासुद्धा कळत होतं.

वाट काढली ती नेत्राने. शनिवारी तिने लाटणं हातात घेतलं आणि जयदीपला तव्याशी उभं केलं. “आई, आज पोळ्या आम्ही करतो. तुम्ही तिकडे टेबलाशी बसा आणि चुकलं की सांगा.” चुका पुष्कळ होत होत्या. शोभनाताई माझ्यावरून वाकून वाकून सांगू लागल्या. कडा लाट, गॅस मोठा कर, आता उलट. सांगण्याच्या नादात पुढ्यात ताट आलेलं त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग जयदीपने हात लांब केला आणि माझ्यावरूनच तव्यावरची पोळी त्यांच्या ताटात टाकली. तिला धड आकार नव्हता.

त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

“अशी लागते होय गरम पोळी,” त्या म्हणाल्या.

आता पाठ फिरवायची पाळी जयदीपची होती. तिकीट काही बदललं गेलं नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्यावर खिळे ठोकू नका, असं काहीतरी मी शेवटी मागणार होते. जुन्या वस्तू तेच मागतात. आता ते मागवत नाही. तुमच्या घरातली भिंत पाडायचीही गरज नाही. आज जेवता जेवता एकदा उठा, आत जा आणि बघून या, तुमची आई कशात जेवते ते.