शेखरचे फेटे

माझा धाकटा भाऊ शेखर मुळातच भित्रा. लहानपणी पालीला घाबरायचा, नोकरी लागल्यावर साहेबाला, आणि तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या टकलाला घाबरायला लागला. दोन स्थळांकडून "मुलगा थोराड दिसतो" असा निरोप आला, तेव्हा गडी गुपचूप जाऊन हेअर पॅच बसवून आला. जाळीवर शिवलेले केस असतात, ते गोंदाने टाळूला चिकटवतात. घरात सांगितलं की एका डॉक्टरच्या औषधाने केस आले. आईने त्या डॉक्टरच्या नावाने देवापुढे दिवा लावला. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, कारण दर महिन्याला पॅच काढून पुन्हा चिकटवायला त्याच्याबरोबर मीच जायचे.

मग मोहिनीचं स्थळ आलं. ती पेठ तालुक्यातली, वडील तिकडे शाळेत मास्तर, ती नाशकात एका बँकेत. बघायला गेलो तेव्हा शेखरच्या डोक्यावर दाट केसांत भांग पाडलेला होता आणि मोहिनीने त्याला पसंत केलं. "तिला सांगून टाक," मी म्हटलं. तो म्हणाला, साखरपुड्यानंतर सांगतो. साखरपुड्यानंतर म्हणाला, पत्रिका छापून होऊ दे. पत्रिका वाटून झाल्या, तरी याच्या तोंडाला कुलूपच.

वर, पॅच सरकला तर दिसू नये म्हणून त्याने एक शक्कल काढली. साखरपुड्याला केशरी फेटा. फोटो काढायला गंगापूर धरणावर गेले, तिथे भन्नाट वारं सुटलेलं, म्हणून आमसुली फेटा. केळवणालासुद्धा डोक्याला काहीतरी गुंडाळून जायचा. फोटोवाल्याने कौतुक केलं, नवरदेवाची स्टाइल एकदम ठरलेली आहे म्हणाला. मोहिनी बिचारी खूष. तिने प्रत्येक कार्यक्रमाची साडी शेखरच्या फेट्याशी जुळवून घेतली, ब्लाउज पुन्हा शिवायला टाकले, दागिने बदलले. "ताई, आमच्या लग्नाला एक स्वतःचं रूप आलंय," ती मला म्हणायची. मी हसायचे आणि विषय बदलायचे. ज्या फेट्यांवर पोरीने सगळं लग्न रचलं होतं, त्यांच्याखाली काय होतं ते तिला माहीतच नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या द्वारका चौकाजवळच्या घरी शेखरची हळद होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद मग मुलीकडे जाते आणि तीच तिला लावतात. मोहिनीकडची मंडळी आडगाव नाक्यापुढच्या लग्नाच्या लॉन्सवर उतरली होती. हळद तिकडे न्यायची होती.

शेखर पाटावर बसला तोही पिवळा फेटा बांधून. काका म्हणाले, "न्हायला बसलाय का पालखीत?" सगळे हसले. पण शेखरचं एक म्हणणं होतं आणि त्यावर तो अडून बसला होता: पहिली हळद साळूआत्या लावेल आणि उष्टी हळदही तीच घेऊन जाईल. साळूआत्या आमच्या वडिलांची बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे. आई दुकानात असायची, शेखरला न्हाऊ-माखू आत्यानेच घातलं. विधवेने हळद लावायची म्हटल्यावर दोन-तीन बायकांनी तोंडं वाकडी केली. आत्या स्वतःच मागे सरत होती. पण त्या एका बाबतीत माझा भित्रा भाऊ कुणाला घाबरला नाही, हे सांगायलाच हवं.

आत्याने पाय, गुडघे, खांदे असं करत हळद वर आणली आणि मी काही म्हणायच्या आत त्याचा फेटा उचलून बाजूला ठेवला.

"डोक्याला हळद लागल्याबिगर नवरदेव व्हतो का कुठं?" ती म्हणाली.

पॅचवाल्याने बजावून सांगितलं होतं की एक वेळ पाणी चालेल, पण तेल नको, तेलाने गोंद सुटतो. आणि आमची हळद तेलात कालवलेली. आत्याने ओंजळभर हळद घेतली आणि लहानपणी चोळायची तशी दोन्ही हातांनी त्याचं डोकं चोळायला लागली. शेखर माझ्याकडे बघत होता. बाजारात नेताना बकरा जसा बघतो, तसा. "आत्या, पुरे," मी म्हणाले, पण तिचं चालूच. मग मधेच तिचे हात थांबले. तिने हात वाटीत निपटले, फेटा उचलला आणि स्वतःच त्याच्या डोक्यावर नीट दाबून बसवला.

"झालं. उनात बसू नको आता," एवढंच म्हणाली आणि हळदीची वाटी घेऊन काकूबरोबर गाडीत बसली.

गाडी गेली आणि शेखरने मला न्हाणीघरात ओढलं. फेटा काढला. पॅच मागून सुटून आला होता आणि पुढचा, कपाळावरचा, चांगला मूठभर झुबका जागेवर नव्हता. आम्ही पाट उलटा केला, टॉवेल झटकले, मोरीत हात घातला. मग दोघांच्याही एकदम डोक्यात आलं. झुबका वाटीत गेला होता. वाटी मोहिनीकडे निघाली होती.

"ताई, मी मेलो," शेखर म्हणाला.

हळद लागल्यावर नवरदेवाने उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून स्कूटी मी काढली. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. ट्रक, रिक्षा, एस.टी., कुणी इंचभर सरकेना. मी हॉर्न वाजवत होते आणि मनात एकच: वाटी अजून कुणी उघडलेली नसू दे. मोहिनी तो झुबका बघेल, लग्न मोडेल, आई अंथरूण धरेल, शेखर काय करून घेईल सांगता येत नाही.

लॉन्सच्या फाटकाशी पोचले तर आतून सनईची रेकॉर्ड नाही, बायकांचा गलका नाही. मी स्कूटी तिथेच टाकून आत धावले.

मांडवात मोहिनी पाटावर बसली होती. पिवळी साडी, फुलांचे दागिने, सगळं शेखरच्या फेट्याच्या रंगाचं. अंगाला अजून हळदीचं बोट लागलेलं नव्हतं. समोर जमिनीवर केळीच्या पानावर तो काळा, तेलकट झुबका पडला होता आणि त्याच्याभोवती सगळे हातभर लांब उभे होते. मोहिनीची मावशी भिमाबाई मीठ-मोहऱ्या ओवाळत होती.

"हळदीत केस निघाले," काकू माझ्या कानात म्हणाली. "करणी म्हणतायत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला टकलाची भीती होती. या लोकांना मरणाची भीती पडली होती. मोहिनीचे वडील, एवढे शिकलेले मास्तर, घाम पुसत म्हणत होते की आपण आज काही करायला नको, तारीख पुढे ढकलू. मोहिनी त्या केसांकडे बघत होती आणि दोन्ही हात पदरात घट्ट धरून बसली होती.

"वाटी कुणाच्या हातात व्हती?" भिमाबाईने विचारलं. "घरापासून इथवर कुणाच्या हातात व्हती, ते सांगा."

सगळ्यांच्या नजरा साळूआत्याकडे वळल्या. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, हात अजून कोपरापर्यंत पिवळे.

"रांडव बाईनं हळद लावली म्हणं," भिमाबाई म्हणाली. "स्वतःचा संसार झाला नाय, तिला दुसऱ्याचा बघवंल व्हय? आमच्या पोरीचं काय वाईट झालं तर कुणी बघायचं?"

मला वाटलं आत्या आता तोंड उघडेल. ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. भाजीवाल्याला चौकापर्यंत पळवणारी. पण ती खाली बघत राहिली. मी तिच्याजवळ गेले आणि दंड धरला.

"आत्या, बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" ती हळूच म्हणाली. "हाताला कळलं मला. पोराचं लगीन हाय, उज्वला. लोकं मला काय म्हणायची ती म्हणू दे. उद्यापास्नं गप व्हतील."

तेव्हा मला तिचे थांबलेले हात आठवले. पोराचं टक्कल झाकावं म्हणून ही बाई चेटकीण व्हायला तयार होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, शेखरचा. मी फाटकाशी जाऊन त्याला फोन लावला.

"साळूआत्यावर करणीचा आळ घेतलाय," मी म्हटलं. "ती तुझ्यासाठी गप्प आहे. तिला कळलंय सगळं. आता तू सांगतोस का मी सांगू?"

मग फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. हा पळाला, अशी माझी खात्रीच झाली. बॅग भरून नाशिकरोड स्टेशन गाठलं असेल आणि एव्हाना कुठल्यातरी गाडीत बसला असेल. मी परत मांडवात आले. आता मलाच बोलावं लागणार होतं. बोलले तर लग्न गेलं, नाही बोलले तर आत्या गेली. भिमाबाई कुणाला तरी भगताचा नंबर विचारत होती. मी आत्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांबा. ते केस..."

तेवढ्यात फाटकातून मोटरसायकल आत आली. काकांची. वर शेखर, हळदीने माखलेल्या धोतरात, उघडाबंब, गळ्यात उपरणं आणि डोक्यावर काकांचं काळं हेल्मेट. हळद लागलेला नवरदेव उंबरा ओलांडून मुलीच्या मांडवात आलेला बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. तो सरळ केळीच्या पानापाशी आला. तो झुबका त्याने उचलला. गर्दीतलं कुणीतरी "हात लावू नका" म्हणालं.

"माझेच आहेत," तो हेल्मेटच्या आतून म्हणाला.

कुणालाच काही समजलं नाही. मग त्याने हेल्मेट काढलं.

उरलेला पॅच त्याने घरीच ओढून टाकला असावा. टाळू लाल झाली होती आणि तिच्यावर आत्याने चोळलेली, पॅचखाली शिरलेली हळद तशीच होती, पिवळीधमक, तेलाने चकाकणारी. इतका उघडा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"केस विकतचे आहेत. मला टक्कल आहे. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग आत्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "मला माफ कर."

मांडवात पंखे तेवढे फिरत होते. भिमाबाईच्या मुठीतून मीठ सांडत होतं. मोहिनी पाटावरून उठली. शेखर उभा राहिला, पण तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"भीती वाटली."

"आणि मला मघाशी नाही वाटली?" ती म्हणाली. "ते केस बघून मला वाटलं, उद्या तुम्ही मांडवात मरून पडाल. तुमचा जीव वाचावा म्हणून मी लग्नाला नाही म्हणणार होते. आणि तुम्ही केसांसाठी घाबरत होता."

मास्तर पुढे आले, पण मोहिनीने हाताने थांबवलं. ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. आता काय होईल ते होवो, पण लवकर होवो, असं मला झालं.

"मावशी, हळदीची वाटी कुठे आहे?" तिने विचारलं.

"टाकली मागं, नालीत," भिमाबाई पुटपुटली.

मोहिनी पुन्हा पाटावर जाऊन बसली. हुंदका गिळला, गजरा सारखा केला.

"साळूआत्या, इकडे या," ती म्हणाली. "उष्टी हळद तर लागायलाच हवी. यांच्या डोक्यावरची घ्या."

आत्या जागची हलेना. मी तिला हाताला धरून पुढे नेलं. शेखर पाटासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने मान खाली घातली. आत्याने आपली पिवळी बोटं त्याच्या टकलावरून फिरवली, हळद निपटली आणि मोहिनीच्या दोन्ही गालांना लावली. मोहिनीने डोळे मिटून घेतले होते.

भिमाबाईने मूठभर मीठ तिथेच टाकलं आणि आत्याच्या पाया पडली. आत्याने तिला उठवलं नाही, नुसती बघत राहिली. तेवढा हक्क तिचा होता.

"उद्या फेटा..." शेखर मान वर न करता म्हणाला.

"बांधा की," मोहिनी म्हणाली. "शालू त्याच्याशी जुळवून घेतलाय मी. पण अंतरपाट दूर होईल तेव्हा काढून ठेवायचा. मला नवरा बघायचाय."