हडळताईची पेटी

दचकू नका, मित्रांनो! शवपेटी असले तरी माझ्यात आजवर एकही मेलेला माणूस झोपलेला नाही. झोपली ती एकच बाई, आणि तीही चांगली जिवंत. माझ्यात आडवी पडून ती पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची आणि गोळ्यांचे कागद माझ्याच कोपऱ्यात कोंबायची. टीव्हीवरच्या भुतांच्या कार्यक्रमातली मी एक जुनी पेटी. आता माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, रंगाचे पोपडे निघालेत, पण कुणी मला 'खोका' म्हटलं की अजूनही डोकं फिरतं. खोक्यात बूट येतात.

तसं माझं घराणं काही फार मोठं नाही. माझी उजवी बाजू म्हणजे एका कौटुंबिक मालिकेतल्या कपाटाचं दार, आणि माझं झाकण म्हणजे मोडीत काढलेल्या न्यायालयाच्या सेटवरची भिंत. स्टुडिओच्या मागच्या शेडमध्ये सुतारदादांनी हे सगळं प्लायवूड कापून मला जोडलं. माप घेण्यासाठी त्यांनी त्या बाईला जमिनीवर झोपवलं आणि तिच्याभोवती खडूने रेघ मारली.

"जरा ऐसपैस ठेवा हो दादा," ती पडल्यापडल्या म्हणाली, "मी जेवून येते."

मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आणि आत थोडा उजेड येईल असं काहीतरी करा. मला अंधाराची भीती वाटते. कुणाला सांगू नका हं!"

सुतारदादा हसले नाहीत. त्यांनी माझ्या पायथ्याशी आणि तळाला बोटाएवढी भोकं पाडली. "उजेड येईल आणि धूरही बाहेर जाईल," असं म्हणाले आणि बिडी ओढायला निघून गेले. त्या भोकांचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

ती म्हणजे हडळताई. आधी ती हवामानाच्या बातम्या वाचायची. ती पाऊस म्हणाली की ऊन पडायचं, आणि लोक वरच्या देवाला सोडून तिच्यावर चिडायचे. पुढे वाहिनीच्या साहेबांनी कुठूनतरी भुतांचे जुनेपुराणे सिनेमे स्वस्तात आणले. ते दाखवण्याआधी कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते. कुणी तयार होईना. ही तयार झाली. काळा झगा, गुडघ्यापर्यंत केसांचा टोप, वीतभर नखं आणि चेहऱ्यावर इतकी पांढरी पावडर की मेकअपमावशींना दर आठवड्याला नवा डबा उघडावा लागे. रात्रीची वेळ बातम्यांना दिलेली होती, म्हणून आमचा कार्यक्रम शनिवारी भर दुपारी लागायचा. बाहेर रणरणतं ऊन, आणि टीव्हीवर हडळताई पेटीतून उठतेय!

माझ्यात तिच्या पायापाशी एका ताटात कोरडा बर्फ ठेवत. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याचा वायू होतो. गरम पाणी ओतलं की भसाभस पांढरा धूर निघतो. हा वायू जड असतो, तळाशी साठतो आणि हवेला बाहेर ढकलतो. माझ्या भोकांतून तो मुकाट्याने निघून जाई. बाहेर काचेच्या खोलीत बसलेला आवाजवाला लाकडी डावाने टेबलावर ठोके द्यायचा. ठक, ठक, ठक. लोकांना वाटे ती आतून झाकण ठोठावतेय. मग माझं झाकण उघडायचं, धूर ओसंडायचा आणि ताई उठून बसायची.

"माझ्या लाडक्या मुडद्यांनो!" ती म्हणायची. "आजच्या सिनेमातल्या भुताच्या बुटाची नाडी सुटलेली आहे. घाबरायचं की नाडी बांधून द्यायची, तुमचं तुम्ही ठरवा."

काय लोकप्रिय झालो आम्ही! शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत बाकावर आडवी होऊन 'हडळताई' खेळायची. भाजी घ्यायला गेली तरी ताईला भाजीवाली म्हणे, "एकदा हसा ना तसं!" ती हसायची. तिला नाही म्हणताच येत नसे.

आमच्यात एकच माणूस तिच्यावर धुसफुसत असायचा, तो म्हणजे लांडगोबा. लांडग्याचं केसाळ कातडं घालून तो माझ्याशेजारी उभा राही. वर्षानुवर्षं त्याला एकच वाक्य होतं, 'ऊऊऊ'. तरुणपणी त्याने नाटकात राजे केले होते, आणि आता हे! "मी मेलो तरी ही बाई मला बोलू द्यायची नाही," असं तो मेकअपमावशींना ऐकवी. ताईही काही कमी नव्हती. "अरे, तू ओरडतोस की तुझी दाढ दुखतेय?" असं ती भर कार्यक्रमात विचारायची. तो आतल्या आत उकळायचा.

मग आमच्या खास भागाचा दिवस आला. तो थेट दाखवायचा होता, प्रेक्षकांसमोर. साहेब म्हणाले, पेटी नवीकोरी दिसली पाहिजे. रंगारी आला. त्याने मला घासलं, पुसलं, आणि माझी सगळी भोकं लांबीच्या लगद्याने बुजवून वरून चकचकीत काळा रंग मारला. बिचाऱ्याला वाटलं, जुन्या फळ्यांना पडलेली भोकं आहेत. आरशासारखी चमकायला लागले मी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

त्यातच लांडगोबाने हट्ट धरला की यावेळी त्याला भाषण हवं. साहेबांनी मान्य केलं. ठरलं असं की पेटीला बाहेरून लोखंडी कडी लावायची, लांडगोबाने आपल्या दुःखाचं भाषण करायचं आणि शेवटी कडी काढून हडळताईला मोकळं करायचं. सुतारदादा त्या दिवशी दुसऱ्या सेटवर होते.

ताई आत आडवी झाली. पायाशी दुप्पट बर्फ ठेवला, गरम पाणी ओतलं, झाकण पडलं, कडी लागली. "आज फार अंधार आहे गं आत," ती पुटपुटली. बोलत होती ती माझ्याशीच. पायाशी दुप्पट बर्फ ठेवला, गरम पाणी ओतलं, झाकण पडलं, कडी लागली.

धूर निघाला आणि माझ्या तळाशी गेला. तिथे वाट नव्हती. मित्रांनो, मला सगळं कळत होतं आणि मी काही म्हणजे काही करू शकत नव्हते. लाकडाला तोंड असतं तर मी तेव्हा किंचाळले असते.

बाहेर लांडगोबाने सुरुवात केली. "हे चंद्रा! माझ्या या केसाळ छातीखाली एक हळवं काळीज आहे!" आत ताई खोकायला लागली. तिने झाकण ढकललं. ते उघडेना. मग तिने मुठीने ठोठावलं. ठक ठक ठक ठक.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आवाजवाला डाव बाजूला ठेवून चकित झाला. त्याला वाटलं, थेट भाग आहे म्हणून ताई आज स्वतःच ठोके देतेय. "वा, काय खणखणीत!" असं म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला. साहेबांना वाटलं, आवाजवाला देतोय. ते लांबूनच अंगठा वर करून म्हणाले, "झकास! चालू द्या!"

"उघडा!" ताई ओरडली. "अहो, उघडा ना! जीव जातोय!"

लोक हसत होते. मेकअपमावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतकी वर्षं तिने मरण्याचाच तर अभिनय केला होता! तिची नखं तुटली. एक तुकडा आजही माझ्या आतल्या गादीत रुतलेला आहे. ठोके मंद व्हायला लागले.

आणि लांडगोबा? तो भडकला होता. आयुष्यात एकदाच भाषण मिळालं, आणि त्यातही ही बाई मध्येमध्ये ठोकते, लोकांना हसवते! त्याने आणखी मोठ्याने दोन ओळी म्हटल्या. पुन्हा ठक. त्याचा तोल सुटला. भाषण अर्ध्यात टाकून तो तरातरा माझ्याकडे आला आणि त्याने खाडकन कडी काढून झाकण वर फेकलं.

"ए बाई! माझ्या भाषणात कडमडायची काय गरज आहे गं तुला?"

ताई डोळे मिटून पडली होती.

चेहऱ्यावरून काही कळणं शक्यच नव्हतं. पांढरीफटक तर ती रोजच दिसायची. पण तिने उलट उत्तर दिलं नाही, यावरूनच तो समजला. त्याने लांडग्याचं डोकं उपटून फेकलं, तिला उचलून बाहेर घेतलं आणि स्टुडिओच्या दारापर्यंत धावत नेलं. तिथे मोकळी हवा येत होती. तो ढसाढसा रडत होता. "अगं, बोल ना! शिव्या दे मला! कसा ओरडतो म्हणून विचार ना!"

आपल्या केसाळ पंजाने तो तिला वारा घालत राहिला. मग तिला ढास लागली. तिने डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "तुझं भाषण... फार लांब आहे रे."

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणाला, आजवरचा सगळ्यात भारी भाग! दवाखान्यातल्या परिचारिकाही हसून म्हणाल्या, "ताई, काय काम केलंत!" ताईने दोघाचौघांना खरं सांगून पाहिलं. ते आणखी हसले. मग तिने सांगणं सोडलं. सुतारदादांनी माझी भोकं पुन्हा मोकळी केली. तेव्हा रंगारी माझ्या पायथ्याशी बसून राहिला होता. त्याला कुणी रागावलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढे कार्यक्रम बंद पडला. मला गोदामात टाकलं. माझ्यावर रंगाचे डबे रचले, उंदरांनी गादी कुरतडली. एकदा तर कुणीतरी मला खोका म्हटलं. मोडीत निघणार असं कळताच ताई आणि लांडगोबा टेम्पो घेऊन आले आणि मला तिच्या घरी घेऊन गेले. तेव्हापासून मी तिच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आहे. माझ्यात गाद्या-रजया असतात, आणि झाकणावर माणसं बसतात.

माणसं म्हणजे लांडगोबाच. दर शनिवारी दुपारी तो यायचा. चहात साखर कमी म्हणून कटकट करायचा, ती त्याला तोंड भरून बोलायची, आणि दोघं उन्हं उतरेपर्यंत माझ्यावर बसायची. मागच्या वर्षी तो गेला.

आता फोन तेवढे येतात. लहानपणी तिला बघणारी पोरं मोठी झाली आहेत, त्यांना तिची हौस आहे. "हडळताई, तो आवाज काढा ना!" म्हणतात. ती काढते. त्याच घोगऱ्या आवाजात म्हणते, "ये ना रे बाळा मला भेटायला... एकटीच आहे मी... किती दिवसांत माणसाचं तोंड नाही पाहिलं..."

पलीकडून खो खो हसू ऐकू येतं. "सेम टू सेम!" म्हणतात आणि फोन ठेवतात. मग ती माझ्यावर येऊन बसते. पूर्वी तिच्या वजनाने माझ्या फळ्या करकरायच्या. आता करकरत नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला वर्षातून एकदा तेलपाणी मिळालं तरी पुष्कळ झालं. पण तुमच्याही ओळखीत एखादा गमत्या माणूस असेल, त्याने तोंड उघडलं की तुम्ही हसत असाल. तो काय म्हणतोय ते एकदा न हसता ऐका. आणि आमच्याकडे आलात तर ताई तुम्हाला आधी घाबरवेल. पोटभर घाबरा. पण लगेच उठून जाऊ नका.