उलटी सुई

मित्रांनो, टेबलावर पडलेले हे जुने, ओरखडे आलेले होकायंत्र म्हणजे मी. माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. हे आधीच सांगून टाकते, मागाहून लपवाछपवी नको.

मी दोन बहिणींचे. ताई सुतारकाम करायची, धाकटी शिवणकाम. डोंगरातल्या दोन दिवसांच्या शर्यतीत त्या दरवर्षी जोडीने धावायच्या. तंबू, अन्न, पांघरूण, सगळे आपल्याच पाठीवर. तिथे आखलेली वाट नसते. नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर खुणेचे झेंडे शोधायचे. आठ वर्षे मी त्यांना एकदाही चकवले नाही. या घरात खरे बोलणारे हे एकटेच, असे ताई कौतुकाने सांगायची आणि अंगावर मांस नसूनही मला मूठभर मांस चढायचे.

आठव्या शर्यतीनंतर धाकटीने घर आवरले आणि मला ताईच्या खिळ्यांच्या खणात ठेवून दिले. सांडलेले खिळे वेचायचा मोठा लोहचुंबक तिथेच होता. वर्षभर मी त्याला चिकटून पडले होते. कोणी माझी विचारपूस केली नाही. माझ्या सुईचे उत्तरेचे टोक कधी दक्षिण दाखवू लागले, ते मलाही कळले नाही.

पुढच्या वर्षी दोघींच्या डोक्यात ओझे कमी करायचे खूळ शिरले. दात घासायच्या ब्रशचे दांडे कापले. नियमाने सोबत लागणारे दुसरे होकायंत्र सामानाची तपासणी झाल्यावर गुपचूप गाडीत ठेवले. पहिला दिवस लख्ख होता, माझ्याकडे बघायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी धुके उतरले. ताईने मला विचारले आणि मी दाखवले तिकडे वळली.

धाकटी थबकली. “ताई, आत्तापर्यंत वारा तोंडावर होता. आता पाठीवर कसा?”

“वारा फिरतो गं. हे फिरत नाही,” ताई म्हणाली.

पुढच्या उतारावर ओल्या दगडावरून ताईचा पाय निसटला. धाकटी शिट्टी वाजवून वाजवून थकली. शोधणारे भलत्याच बाजूला होते. इकडे कोणी येईल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. ते पोचले तेव्हा ताई गार पडली होती. मी तिच्या मुठीत होते.

घरी खण उघडल्यावर धाकटीला सगळे उमगले. तिने मला फेकले नाही. आता ती दरवर्षी शर्यतीच्या आरंभी मला टेबलावर मांडते आणि प्रत्येकाला आपले होकायंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर धरून बघायला लावते. ज्याची सुई माझ्यासारखी वळेल, त्याला ती शर्यतीत सोडत नाही.

मित्रांनो, आम्हाला चुंबकापासून लांब ठेवा. निघण्याआधी दुसऱ्याशी ताडून बघा. मला विचारू नका. मला आजही मनापासून वाटते, की उत्तर तिकडेच आहे.