कुत्र्यांची पंगत

मी बादली घासत होते. धुकं असं दाट, की अंगणातला कडुनिंबसुद्धा दिसेना. माझा धाकटा दीर रुलदू ट्रॅक्टर सुरू करून गुरुद्वाऱ्यातून उरलेल्या रोट्या आणायला निघाला होता. तो मध्येच खाली उतरला आणि त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"भाबी, हे बघ. पण आधी ती पळी खाली ठेव. नाहीतर मलाच हाणशील."

बघितलं. एक पांढरा कुत्रा जमिनीवर आडवा पडलेला आणि वासराएवढा एक काळा त्याच्या गालाला धरून त्याला झटके देतोय. भोवती घरी बायकामुलं असलेली माणसं हसतायत, शिट्ट्या मारतायत. पांढऱ्याच्या डोळ्याभोवती तपकिरी डाग होता. तो डाग मी माझ्या हातानं हळद लावून लावून जपला होता. तो आमचा बग्गा होता.

"कुठलं आहे हे?"

"मलूक सिंगच्या शेतावरचं. वीटभट्टीच्या मागं. या झुंजीत बरोबरी झाली म्हणे. आज पुन्हा उतरवतायत, एक मरेपर्यंत. आता या वेळेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नावच ठेवलंय बचिंत कौर. चिंता नसलेली! आईबापांनी नाव ठेवताना काय बघितलं होतं देव जाणे. चिंता करायला मला वेळच मिळत नाही, त्याआधी राग येतो.

आता बग्गा मलूककडे गेलाच कसा, ते ऐका. आमचा डेरा म्हणजे बंद पडलेली भातगिरणी. जगतार बाबाजींनी ती रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी मागून घेतली. फौजेतून आलेला माणूस, त्यामुळे शिस्त फार. पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवलं, इथं कुत्रीसुद्धा लंगरासारखीच जेवतील. ओळीनं बसायचं. पळी बादलीवर तीनदा वाजली, की असतील तिथून यायचं, बसायचं आणि वाढून होऊन "छको", म्हणजे जेवा, असं ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. म्हणाले, कुत्र्यांची कसली पंगत? बाबाजी म्हणाले, "भूक सगळ्यांची सारखीच असते. तुम्ही काय शेपटी नाही म्हणून वेगळे?" पण खरं सांगते, आमच्या डेऱ्यात अन्नावरून कधी भांडण झालं नाही. शंभरजण जेवतात आणि गुरगुर नाही. आमच्या घरच्या लग्नातसुद्धा एवढी शांतता नसते.

लंगराची शिस्त घेतली तशी लंगराची रीतही घेतली, आणि तिथंच आमचं चुकलं. लंगरात सेवेला आलेल्याला कुणी विचारत नाही, बाबा तू कोण, तुझं घर कुठं, घरात काय चालतं. हात जोडून आला, पीठ मळायला बसला, की तो आपला. डेऱ्यातही तसंच. मलूक सिंग आला तो पिठाची पोती खांद्यावर घेऊन. कुत्र्यांची भांडी घासली. आमच्या गळक्या शेडवर पत्रे टाकून दिले. मग एक दिवस हात जोडून म्हणाला, "भैणजी, हा पांढरा मला द्या. पोरासारखा सांभाळीन." बग्गाचे कान मुळापासून कापलेले, अंगावर जुने व्रण. कुणीतरी झुंजी लावून कालव्यात फेकलेला. असा कुत्रा कुणी मागतंय याचंच आम्हाला कौतुक! मी त्याचं घर बघायला जायला हवं होतं. पण पत्रे टाकणाऱ्याच्या घरी चौकशीला जायचं म्हणजे लंगरात जेवणाऱ्याच्या तोंडातला घास मोजल्यासारखं. लाज वाटली. जळो ती लाज.

"ठाण्यात फोन कर," बाबाजी आतून ओरडले.

केला. धुकं विरलं की गाडी पाठवतो म्हणाले. धुकं विरेपर्यंत बग्गाचं काय उरणार होतं, ते मला दिसत होतं. मी तशीच ट्रॉलीत चढले. हातात रिकामी बादली, बादलीत पळी.

"भाबी, तिथं सगळे दारू प्यायलेले असतील," रुलदू म्हणाला.

"मग तू घरी बस. बांगड्या भरून देते."

"बस म्हटलं की चालवायलाच लावतेस तू," असं पुटपुटत त्यानं गियर टाकला.

भट्टीमागं ऊस तोडून मोकळं केलेलं रान होतं. ट्रॉल्या गोल उभ्या करून रिंगण केलेलं. ट्रॉल्यांवर चढून माणसं ओरडत होती. कोंबडीची तंगडी एका हातात, ग्लास दुसऱ्या हातात. मी दोन ट्रॉल्यांच्या फटीतून आत शिरले आणि पाय घसरला. खाली बघितलं तर चिखल नव्हता, रक्त होतं.

झुंज सुरू होऊन बराच वेळ झाला असावा. काळ्यानं बग्गाला मानेजवळ धरलं होतं आणि बग्गाचे दात काळ्याच्या खांद्यात रुतलेले. दोघंही आता उड्या मारत नव्हते. नुसते एकमेकांना धरून, धापा टाकत, दळल्यासारखे जबडे हलवत होते. मधूनच काळा सगळं अंग मुरडून झटका द्यायचा, आणि बग्गाच्या मानेवरची कातडी ओल्या गोणपाटासारखी फाटायची. बग्गाच्या तोंडातून आवाज येत नव्हता. जो ओरडेल तो हरला, जो पकड सोडून तोंड फिरवेल तो हरला, असा यांचा नियम. हे त्या मुक्या जीवांना कुणी शिकवलं आणि कसं, ते मला त्यांच्या अंगावरच्या डागण्यांवरून कळलं. काळ्याच्या पाठीवर तर बोटभर जागा शिल्लक नव्हती. अर्धा ओठ गेलेला, दात उघडे. मला त्या काळ्या राक्षसाचा असा संताप आला, की त्याच्या डोक्यात धोंडा घालावा.

"या, भैणजी!" मलूकनं मला बघितलं. इथंही त्यानं हात जोडले, मेल्यानं. "सेवेला आलात का?"

"माझा कुत्रा दे."

"तुमचा? तुम्हीच तर दिलात, तुमच्याच हातांनी. झुंजीचा कुत्रा तो. तुम्ही पंगतीत बसवून त्याचा भगत केलात. मी पुन्हा मर्द केला."

"मर्द? मग तूच उतर की आत. साखळी मी धरते!"

ट्रॉल्यांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "उतर रे मलूका, भाबी बोलावतेय!" मलूकचं तोंड काळवंडलं. त्यानं मान हलवली आणि दोघं माझ्या अंगावर आले. एकानं माझी ओढणी धरली. मी पळी त्याच्या मनगटावर अशी हाणली, की हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो खाली बसला. रुलदू मध्ये पडला, तर दुसऱ्यानं जॅकचा दांडा त्याच्या तोंडावर मारला. रुलदू गुडघ्यावर आला. त्यानं ओंजळीत रक्त थुंकलं, त्यात दात होता. माझा दीर आयुष्यात कुणाशी भांडला नाही हो. बायकोशीसुद्धा नाही.

"रुलदू!"

"तू बग्गाचं बघ," तो बोबडं बोलला.

दांडेवाला माझ्याकडे वळला. त्यानं दांडा उगारला, मी बादली वर धरली. दांडा बादलीवर बसला आणि ठण्णकन असा आवाज झाला, की माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत मुंग्यांनी भरले.

रिंगणात त्या काळ्याचा कान हलला. कान कसला, कापून उरलेला खुंट. पण तो हलला. बग्गाच्या मानेवरचा त्याचा जबडा जरासा सैल झाला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. एवढंच दिसलं, की तो आवाज ऐकतोय. मी वेड्यासारखी रिंगणाच्या कडेला धावले आणि पळी बादलीवर वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्या डेऱ्यात रोज वाजते तशी.

काळ्यानं बग्गाला सोडलं. आधी त्यानं सोडलं. मग बग्गानं. दोघं अडखळत उठले, माझ्या दिशेनं चार पावलं आले आणि शेजारी शेजारी बसले. पंगतीत बसल्यासारखे. रक्त टपटप गळत होतं, फासळ्या हलत होत्या, आणि दोघांचे डोळे बादलीवर.

काळा बसला तो पुढचा डावा पाय उचलून.

माझ्या डेऱ्यात असा एकच कुत्रा बसायचा. पिल्लू असताना त्या पायावरून ट्रॉली गेली होती. बग्गा यायच्या आधीची गोष्ट. इतका गरीब, की चिमण्या त्याच्या ताटलीतलं उचलून न्यायच्या. म्हणून आम्ही त्याचं नाव घुग्गी ठेवलं, होल्या पक्ष्याचं नाव. एक भला माणूस पिठाचं पोतं आणि लहान मुलीला घेऊन आला आणि त्याला घरी घेऊन गेला. मुलीनं घुग्गीच्या गळ्याला मिठी मारली, तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. आल्यागेल्याला आम्ही तो दाखवत होतो, बघा, कसं घर मिळालं! तो भला माणूस आत्ता रिंगणापलीकडे काळ्याची साखळी हातात घेऊन उभा होता.

"घुग्गी," मी म्हटलं. त्यानं शेपूट जमिनीवर एकदा आपटलं.

ट्रॉल्यांवर गलका उसळला. दोघांनीही पकड सोडली, म्हणजे दोघंही हरले. सगळ्यांच्याच पैजा पाण्यात. "फसवणूक! मलूकनं शिकवलेलं आहे!" शिव्यांचा पाऊस सुरू झाला. मलूकचं डोकं फिरलं. त्यानं जॅकचा दांडा हिसकावून घेतला आणि जवळच्या घुग्गीच्या पाठीत घातला.

घुग्गी उठला नाही. बसलेल्या जागी वाकला, पुन्हा सरळ झाला. डोळे बादलीवरच. दुसरा घाव डोक्यावर बसला. एक डोळा मिटला तो मिटलाच. तरी हलेना. का हलेना, ते फक्त मला माहीत होतं. "छको" म्हटल्याशिवाय पंगतीतून उठायचं नसतं, हे त्याला आम्हीच दूध पाजता पाजता शिकवलं होतं.  तिसरा घाव उगारला तेव्हा मला आवाज फुटला.

"छको! छको रे घुग्गी! पळ!"

पळ हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला फक्त पहिला शब्द कळला. तो उठला, मलूककडे वळूनही बघितलं नाही. पाय ओढत माझ्यापर्यंत आला आणि त्यानं तोंड बादलीत घातलं.

बादली रिकामी होती.

त्यानं तळ चाटला. मी खाली बसून त्याचं डोकं धरलं, तोवर ते माझ्या हातात जड झालं होतं.

ट्रॉलीवरून एक पांढरी दाढी खाली उतरली. सकाळपासून तोही शिट्ट्याच मारत असणार. तो मलूकसमोर गेला आणि म्हणाला, "पंगतीत बसलेल्याला मारलंस?" एवढंच म्हणाला आणि एक कानाखाली ठेवून दिली. मग बाकीचे उतरले. मलूकला त्यांनी त्याच रक्तात लोळवून तुडवलं. बरगड्या मोडल्या, बोटं मोडली. पंगतीच्या अपमानासाठी की बुडालेल्या पैजांसाठी, ते मी विचारलं नाही. मी थांबवलंही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण घुग्गीच्या अंगावरून हात फिरवताना त्या बरं वाटण्याचा काही उपयोग नव्हता. रुलदूनं फाटक्या तोंडानं बग्गाला उचललं आणि आम्ही निघालो. पोलिसांची गाडी आम्हाला वाटेत भेटली. धुकं विरलं होतं.

घुग्गीला बाबाजींनी कडुनिंबाखाली पुरलं. मी शिडी लावून मलूकचे पत्रे उपटायला चढले, तर बाबाजी खालून म्हणाले, "उतर. पाऊस आला तर भिजतील ती कुत्री, मलूक नाही." उतरले.

आता कुणी पिठाचं पोतं घेऊन हात जोडत आला, की मी पोतं घेते आणि त्याच्या घरी जाऊन बसते. चुलीपाशी, गोठ्यात, मागच्या अंगणात. बायको काय म्हणते ऐकते. परवा एकजण चिडला. म्हणाला, "भैणजी, सेवा करणाऱ्यावर असा संशय?" मी म्हटलं, "सेवा आवडली, वीरजी. आता घरातली साखळी दाखवा." लोक म्हणतात बचिंतोची जीभ फार वाढली. वाढू दे.

बग्गा वाचला. मान वाकडी राहिली, पण वाचला. त्याला मात्र मी आता कुणाला देणार नाही. पळी वाजली की तो अजून येतो, सगळ्यांच्या मागून, हळूहळू. पण बाकीच्यांसारखा येऊन बसत नाही. आधी पुढे येऊन बादलीत डोकावतो.

"हिशेबी झालाय," रुलदू हसतो. नवा दात अजून बसवायचाय.

मला हसू येत नाही. मी बादली वाकडी करून त्याला नीट दाखवते. रोट्या दिसल्या की मगच तो बसतो.