वानर कुठं बसवायचं

गेवराईच्या कॉलेजात संगणक येऊन वर्ष होत आलं होतं, पण रुद्राणीबाईंचे तळहात त्याच्यासमोर असे कधी घामेजले नव्हते.

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या, पण नेमणूक जूनपर्यंतचीच. पुढं ठेवायचं की नाही हे संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादासाहेब ठरवणार, आणि तेच आज संगणकाची खोली पाहायला यायचे होते. औरंगाबादहून फ्लॉपीवर आणलेल्या प्रोग्रामात बाईंनी उत्क्रांतीचा वृक्ष काढला होता. फांद्यांच्या टोकांना ओळीनं नावं: माकड, वानर, माणूस, चिंपांझी.

प्राचार्य बद्रीनाथ सरांनी ते पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं. दादासाहेब दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे. मागच्या साली एका सरांनी वर्गात शेपटीवरून विनोद केला, तर आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी. वानर माणसाला खेटून बसलेलं दिसलं तर तुमचंही गाठोडं बांधा, असं सांगून सर कपाळ पुसत राहिले.

फांदीच्या बेचक्यावर माउसनं टिचकी मारली की तिथली दोन टोकं जागा बदलायची. बाईंनी दोन टिचक्या मारल्या. वानर पार वर गेलं, माणूस पार खाली.

दादासाहेब आले, पडद्याकडं बघत उभे राहिले. माणसाशेजारचा चिंपांझी त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"म्हंजी वानराचं अन् आपलं नातं न्हाई," ते म्हणाले.

नाही म्हटलं की सुटका. सर मागून मान हलवून तेच सुचवत होते. कीर्तनाला उभं राहिल्यावर ऐन वेळी अभंगच आठवू नये, तसं बाईंचं झालं. मनात शिवाचं नाव घेतलं.

"आहे, दादासाहेब. पंगतीत लांब बसला म्हणून भाऊबंद परका होत नाही. वानराच्या रेषेवर बोट ठेवा, मी माणसाच्या ठेवते. आता मागं मागं या."

दोन्ही बोटं एका बेचक्यात भेटली.

"मग लांब कावून बसवलं?"

"तुमच्या भीतीनं."

सरांनी डोळे मिटले. बाहेर सप्ताहाच्या मांडवात कुणीतरी मृदंग सुरात लावत होतं.

"मारुतीराया आमच्या भावकीतला," दादासाहेब हळू म्हणाले, "अन् तुमी त्याला पंगतीतून उठवलं, बाई. बसवा परत शेजारी. जूनमधी नवी पोरं येतील, त्यायला असंच दाखवा."

बाईंनी घाईनं माउस धरला. पहिली टिचकी भलतीकडंच पडली.