चुलीचा विटाळ

दातिवऱ्याचा कमलाकांत तांडेल होडीच्या इंजिनाचा सुटा भाग आणायला बोयसरला गेला आणि येताना डोक्यात एक आहारमहर्षी घेऊन आला. ऐंशीच्या त्या दशकात बोयसरला कारखान्यांबरोबर अशी माणसंही उगवत होती. या महर्षींचं मंगल कार्यालयात व्याख्यान होतं आणि त्यांचा शोध भलताच सोपा होता. आगीने अन्नातला प्राण जळतो, म्हणून माणूस मरतो. सूर्याने शिजवलेलं तेवढंच खा आणि शंभर वर्षं जगा. झालं, त्या दिवसापासून तांडेलाला घरच्या चुलीचा विटाळ झाला.

पुष्पलताने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधी पदर तोंडात कोंबून हसून घेतलं. नवरा भिजवलेले मूग, किसलेला दुधी आणि केळी पुढ्यात घेऊन रवंथ करीत बसायचा आणि शेजारीच बाकीचं घर गरम भातावर कालवण ओतून ओरपायचं.

"अवो, मग विडी कशी चालते? तिला काडी सूर्य लावतो काय?" ती विचारायची.

"विडी काय खातात गो?" असं म्हणून तो दुसरी पेटवायचा.

महिन्याभरात तिचं हसू आटलं. त्याची गालफडं बसली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबू लागला. नारळी पुनव तोंडावर आली होती. किनाऱ्यावर चढवलेल्या होडीचे टेकू बदलायला सगळ्यांनी खांदा दिला, तेव्हा कमलाकांतच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो वाळूत मटकन बसला. त्याचा धाकटा भाऊ दिनानाथ पुष्पलताला बाजूला घेऊन म्हणाला, "वयनी, असा माणूस भर दर्यात सुकाणूवर कसा उभा रायचा? यंदा त्याला घरी ठेव. होडी मी नेतो."

दिनानाथ वाईट नव्हता. तो खरं तेच बोलत होता आणि म्हणूनच तिला ते झोंबलं. सुकाणू सुटलेला कमलाकांत ओटीवर बसून झिजून जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन तिने सुक्या बोंबलांचा डबा उघडला. उन्हाळ्यात बांबूच्या मांडवावर वाळवलेले, खडखडीत.

"यांना आग कुठं लागलीय? उनानंच शिजलेत ना?"

कमलाकांत विचारात पडला. गडी सरळ होता. त्याने एक बोंबील उचलून नाकाशी नेला, तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं आणि बोंबील परत डब्यात ठेवला. "महर्षींना इचारून येऊ," तो म्हणाला.

दोघं बोयसरला गेली. पुष्पलताने भर सभेत बोंबलांचं पुडकं सोडलं, तशी पुढची रांग मागे सरकली. महर्षींनी उपरणं नाकाला लावलं.

"हे निषिद्ध आहे!"

"पन उनात सुकलंय, महाराज," कमलाकांत म्हणाला.

महर्षींनी वर पंख्याकडे पाहिलं. "मासा पाण्याखाली राहतो. तिथे सूर्यशक्ती पोचत नाही."

"आनि मूग आमी पाण्यात भिजवतो ते?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं.

महर्षींनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. "ते तांब्याच्या भांड्यात भिजवावेत."

कमलाकांतने पुडकं पुन्हा बांधायला घेतलं. नियम डोळ्यांदेखत जन्माला येताना त्याने पाहिला होता.

परतताना पालघरच्या एसटी स्टँडवर त्याला चार शब्द सुनावायचे, असं पुष्पलताने ठरवलं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून ती त्याच्या शेजारी टेकली.

"बापूस सुकाणूवरच कोसळला, ठावं हाय ना तुला?" तो म्हणाला. "छातीवर हात ठेवला नि संपला. पंचेचाळीस वर्सांचा होता. मला आता तेच वरीस लागलंय, पुष्पे. भ्या वाटतं गो."

इतके दिवस आपण दुधीला हसत नव्हतो, याच्या भीतीला हसत होतो, हे कळून तिला स्वतःचाच राग आला. भर स्टँडवर, लोकांदेखत तिने त्याचा हात धरला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि भुवया वर केल्या. प्रेशर चांगलंच वाढलं होतं. रोज गोळी, मीठ कमी, विडी आजपासून बंद. "आणि जेवायचं. भात, भाकरी, भाजी, मासे, सगळं नीट शिजवून."

"म्हंजे मी शंभर वर्सं जगन?"

"ते मी कसं सांगू? गोळी घेतलीत तर धोका कमी होईल. याहून जास्त मला माहीत नाही."

महर्षींनी शंभर वर्षं वाटली होती, या बाईंनी एक दिवससुद्धा दिला नाही. आता हा पुन्हा दुधी किसायला बसणार, असं वाटून पुष्पलताचे डोळे भरून आले.

कमलाकांत मात्र खुर्चीत सैल होऊन टेकला. बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला होता.

"वाऱ्याची हमी देनाऱ्यासंगती मी कदी दर्यात गेलो नाय," तो बायकोला म्हणाला. "या बाईला ठावं नाय ते ठावं नाय म्हंते. हिचं मी ऐकनार."